शिळी भाकरी, शिळा भात

घरातले अन्न तीन टप्प्यांवर वाया जाते. काही साठवणीत खराब होते, काही निवडता-चिरताना टाकून दिले जाते आणि काही शिजवून झाल्यावर उरते. कीड लागलेली डाळ किंवा पिवळी पडलेली मेथी लगेच डोळ्यांत भरते. पातेल्याच्या तळाशी रोज उरणारा भात मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला 60 टक्के वाटा घरांमधला होता. भारतीय घरांसाठी या अहवालाचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलो इतका आहे. जगाची सरासरी 79 किलो आहे. या आकड्यांत साली, देठ, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत. तरीही पाच माणसांच्या भारतीय घरातून दिवसाला सरासरी पाऊण किलो ऐवज कचऱ्यात जातो, असा त्याचा अर्थ होतो.

ही नासाडी कशी टाळायची याचे ज्ञान काटकसरीच्या प्रदेशात मुरलेले असते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले अणदूर हे अशाच प्रदेशातले गाव. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गाजवळ ते वसले आहे. जिल्हा अवर्षणप्रवण आहे आणि इथले मुख्य अन्न रब्बीची ज्वारी. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या गावांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीवर दिवस काढले. त्या पिढीच्या घरात ताटात घास टाकून उठणे हा मोठा अपराध होता. मात्र त्या स्वयंपाकघराची काटकसर केवळ धाकावर चालत नव्हती. ज्वारीचा स्वयंपाकच असा आहे की त्यात फारसे उरत नाही, आणि उरले तरी टिकते.

भाकरीचा हिशेब शेवटपर्यंत हातात राहतो

भाकरी करताना काठवटीत किंवा परातीत एका भाकरीपुरतेच पीठ घेतात, त्यात पाणी घालून ते तळहाताच्या टाचेने रगडून मळतात, लगेच थापतात आणि तव्यावर टाकतात. वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवला जातो, कडा सुटल्या की भाकरी उलटते आणि शेवटी विस्तवावर फुगते. पुढच्या भाकरीचे पीठ तोपर्यंत डब्यात कोरडेच असते. गव्हात असतो तसा चिकाचा अंश ज्वारीत नसतो. त्यामुळे ज्वारीचे पीठ मळून ठेवता येत नाही, ते सुकते आणि चिरते. या अडचणीचा एक मोठा फायदा असा की, किती भाकरी करायच्या हे शेवटच्या भाकरीपर्यंत ठरवता येते. एखादा जेवायला आला नाही तर एक भाकरी कमी थापायची, पाहुणा आला तर दोन वाढवायच्या.

पोळीचे तसे नसते. तिची कणीक आधी एकदम भिजवावी लागते, म्हणजे अंदाज जेवणाच्या तासभर आधी करावा लागतो. भाताचे आणखी अवघड. तांदूळ धुऊन कुकरला लावला की तो निर्णय मागे घेता येत नाही, आणि वाटीभर तांदळाचा शिजून अडीच ते तीन वाट्या भात होत असल्याने मूठभर तांदळाची चूकसुद्धा ताटभर भाताची होते. ज्वारीच्या घरांत गहू आणि तांदूळ रोजचे झाले तसा अंदाजाचा हा प्रश्न वाढला. म्हणून काटकसरीचा पहिला उपाय चुलीवर काही चढण्याआधीचाच आहे. भाताचे माप डोळ्याने घेऊ नये. त्यासाठी एक ठरलेली वाटी ठेवावी आणि आपल्या घरी कोण किती खातो हे आठवडाभर पाहून ते माप कायम करावे. भात थोडा कमीच लावावा. कमी पडला तर भाकरी पाच मिनिटांत होते, जास्त झाला तर त्याला पटकन पर्याय नसतो.

दुसरा फरक पाण्याचा आहे, आणि अन्न टिकणे-नासणे प्रामुख्याने त्यावरच ठरते. बुरशीला आणि जिवाणूंना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. शिजलेल्या भातात वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असते. भाकरीत ते बरेच कमी असते, आणि विस्तवावर भाजल्याने तिचा पापुद्रा कोरडा होतो. दुरडीत फडक्यात ठेवलेली सकाळची भाकरी संध्याकाळी चिवट लागते, पण ती नासलेली नसते. चिवटपणा येतो तो पिठातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला गेल्यामुळे. गरम केल्यावर तो काही अंशी सैल होतो, म्हणून तव्यावर शेकलेली शिळी भाकरी परत खाण्याजोगी होते. फ्रिजच्या थंडाव्यात हा चिवटपणा उलट लवकर येतो. पोळी-भाकरी एका दिवसात संपणार असेल तर ती बाहेर फडक्यात ठेवलेली बरी.

सोलापूर भागातली कडक भाकरी हे याच तत्त्वाचे टोक आहे. अगदी पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर आणि नंतर उबेत पूर्ण कोरडी केली जाते. बुरशीला हवे तेवढे पाणीच तिच्यात उरत नाही, त्यामुळे ती नीट झाकून ठेवल्यास महिनोन्महिने टिकते. आमटीत कुस्करली की पुन्हा मऊ. आज ती पाकिटातून विकली जाते.

भात मात्र बाहेर ठेवू नये. तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजतानाच्या उष्णतेत मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे यातले एक विष असे आहे की भात पुन्हा कितीही गरम केला तरी ते नष्ट होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत धाराशिवचा पारा 40 अंशांच्या आसपास किंवा वर असतो. त्या हवेत दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवणे म्हणजे जिवाणूंना हवी तीच ऊब पुरवणे होय. उरलेला भात दोन तासांच्या आत परातीत पातळ पसरून निववावा, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. फ्रिज नसेल, किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर भात फक्त एका वेळेपुरताच शिजवावा. शिळ्या भाकरीचा नियम शिळ्या भाताला लावणे ही नव्या स्वयंपाकघरातली सर्वात धोक्याची काटकसर आहे.

साठवण

ज्वारीसाठी मराठवाड्यात पूर्वी जमिनीत पेव असे, वाड्यात बळद असे, कणग्या असत. पद्धती वेगळ्या असल्या तरी सगळ्यांची अट एकच होती, धान्य आत जाताना कडकडीत वाळलेले हवे. दाणा दाताखाली धरला की कट्‌कन फुटला पाहिजे. तो चेपला तर आत ओल आहे. ओल असली की आधी सोंडे आणि पोरकिडे येतात, मग धान्य गरम होते, मग बुरशी. आजच्या पत्र्याच्या कोठीलाही हीच अट लागू आहे. उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच कोठीत भरू नये. झाकणाला आतून पाणी सुटते आणि वरचा थर खराब होतो.

कडधान्यांचा शत्रू भुंगा. तो दाण्यावर अंडी घालतो आणि अळी दाणा पोखरत आत शिरते. तूर, मूग, हरभऱ्याला एरंडेलाचा किंवा एखाद्या खाद्यतेलाचा हात चोळून ठेवण्याची रीत घरोघरी आहे. तेलाचा पातळ थर अंड्यांना हवा मिळू देत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालण्याचाही उपयोग होतो, फक्त तो पूर्ण वाळलेला असावा. नाहीतर त्याचीच ओल धान्याला लागते.

पीठ धान्याइतके टिकत नाही. दाणा दळला की त्यातले तेल हवेला लागते. बाजरीत तेल जास्त, म्हणून तिचे पीठ काही दिवसांतच कडवट होते. ज्वारीचे पीठ त्यामानाने टिकते, पण जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना मोडते. असे पीठ टाकून देण्याचे कारण नाही. उकळत्या पाण्यात ते भिजवले की स्टार्च काही प्रमाणात शिजून पिठाला धर येतो आणि भाकरी न मोडता उलटते. वास मात्र कडवट आला असेल तर उकळत्या पाण्याचाही उपयोग नाही. आठवड्याचे दळण आठवड्यालाच आणणे हाच उपाय.

पालेभाजीला कोरडे ठेवून दमट हवा द्यावी लागते. मेथी, शेपू, कोथिंबीर बाजारातून आणल्याबरोबर धुऊन ठेवली की पाने चिकटतात आणि आतून सडतात. निवडून, सडकी पाने काढून, कोरड्या फडक्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवावी आणि करायच्या वेळी धुवावी. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत. बटाटा उजेडात ठेवू नये. हिरवा पडलेला भाग विषारी असतो, तो खोलवर कापून टाकावा लागतो. पिकलेली केळी किंवा आंबा शेजारी असला की त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने हिरव्या भाज्याही लवकर पिवळ्या पडतात.

फ्रिज नसलेल्या घरासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू आणि त्या वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी, एवढीच त्याची रचना. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून अधिक खाली उतरते आणि आत ओलावा टिकतो. मराठवाड्याची कोरडी हवा या युक्तीला फार मानवते. एका मोठ्या माठात छोटा माठ ठेवून मध्ये ओली वाळू भरली तरी घरापुरते काम भागते.

भाजी जास्त आणि स्वस्त असते त्या दिवसांत ती वाळवून ठेवणे ही या भागातली सर्वात भरवशाची साठवण. हरभऱ्याचे शेंडे खुडतात तेव्हा घाटे जास्त धरतात आणि खुडलेला पाला घरात येतो. तो सावलीत वाळवून ठेवला की उन्हाळ्यात, भाजी महाग असते तेव्हा, पिठात घोटून त्याची भाजी होते. एकाच कामात पीक सुधारते आणि भाजीही मिळते. याहून शहाणे अन्नव्यवस्थापन शोधून सापडायचे नाही.

चिरताना

दोडक्याच्या शिरांची चटणी मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ, खोबरे किंवा शेंगदाण्याचा कूट, मिरची, लसूण घालून कुटतात. हाच न्याय दुधीच्या सालीला, मुळ्याच्या पाल्याला, फ्लॉवरच्या कोवळ्या दांड्यांना आणि कोथिंबिरीच्या देठांना लागतो. देठांत पानांइतकाच स्वाद असतो, वाटणात ते आधी जावेत. लाल भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, भाजून खाता येतात.

सालीबाबत एक भेद करायला हवा. शेतावरची, स्वच्छ धुतलेली भाजी सालीसकट खाणे वेगळे आणि भरपूर फवारणी झालेली वेगळे. दुधी चिरल्यावर एक फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागला तर काटकसर बाजूला ठेवून तो फेकावा, कारण त्यातली कडू द्रव्ये गंभीर विषबाधा करू शकतात. तीच गोष्ट बुरशी आलेल्या, काळवंडलेल्या शेंगदाण्यांची. शेंगदाण्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करतात आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. शेंगाचटणीच्या या मुलखात शेंगदाणे निवडताना हात सैल सोडावा.

शिजवताना टाकून दिल्या जाणाऱ्या पाण्याचाही यात समावेश होतो. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वर राहिलेले पाणी, म्हणजे येळवणी, धाराशिव-सोलापूर भागात मोरीत जात नाही. त्याची तिखट, मसालेदार आमटी होते आणि पुरणपोळीच्या जेवणात तिचा मान पोळीइतकाच असतो. डाळीतली पाण्यात उतरणारी जीवनसत्त्वे, खनिजे आणि थोडी प्रथिने त्या आमटीतून पोटात जातात. भात वेळून पेज ओतून देणाऱ्यांनी या रीतीकडे पाहावे. एक किलो तांदूळ पिकवायला जागतिक सरासरीने सुमारे 2500 लिटर पाणी लागते. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. तांदूळ बहुतांशी दुसऱ्या प्रदेशातून येत असला तरी त्यात मुरलेले पाणी कुठल्यातरी शेताचेच असते.

उरलेले

उरलेल्या पदार्थाचे काय करायचे याचे उत्तर त्यातल्या पाण्यावर आणि आंबटपणावर अवलंबून असते. वरण आणि आमटी पातळ, प्रथिनयुक्त, म्हणून लवकर नासणारी. ती त्याच दिवशी धपाट्यांच्या पिठात जिरवावीत. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन आणि गव्हाचे पीठ, उरलेले वरण, लसूण, तिखट आणि हळद. पाण्याची गरज पडत नाही आणि धपाटे खमंग होतात. आंबट झालेले ताक त्याच पिठात चालते, कढीत चालते, ज्वारीच्या आंबिलीत चालते. दुधाची साखळी तर शेवटपर्यंत पुरते. साय, विरजण, लोणी, ताक, तूप, आणि कढईच्या तळाशी उरलेली बेरीसुद्धा साखर घालून मुले खातात किंवा ती पोळीच्या कणकेत मळली जाते.

शिळ्या भाकरीचे कुटके करून कांदा, मिरची, मोहरी, हळदीच्या फोडणीत परतणे ही सकाळची न्याहारी. भाकरी फार वाळली असेल तर आधी ताकाचा शिपका द्यावा. उरलेली कणीक रात्रभर ठेवली की काळसर पडते. हा रंग हवेमुळे येतो. तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात थंड ठेवली तर ती दुसऱ्या दिवशी चालते, पण त्याच संध्याकाळी आमटीत सोडून तिच्या चकोल्या करणे अधिक चांगले. हिरवी-काळी बुरशी दिसलेली भाकरी किंवा पोळी मात्र तेवढा भाग तोडून खाऊ नये. मऊ, ओलसर पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खूप आत गेलेले असतात.

सणावारी आणि जत्रेत अंदाज सर्वात जास्त चुकतो. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच आहे. मूर्ती वर्षातले बहुतेक महिने अणदुरात आणि उरलेला काळ नळदुर्गात असते, आणि देव आला-गेला की पै-पाहुण्यांची वर्दळ असते. अशा वेळी कमी पडण्याच्या भीतीने सगळेच पदार्थ वाढवून केले जातात. जाणत्या घरांत फक्त टिकणारे पदार्थ वाढवतात. पुरणाच्या पोळ्या दोन दिवस राहतात, कोरडी चटणी आठवडाभर. भात मात्र दोन टप्प्यांत लावावा, पहिली पंगत बसल्यावर दुसरा कुकर. चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्यातही रोडगे टिकतात, वांग्याचे भरीत टिकत नाही.

उरलेले कोण खाते

या प्रश्नाला पाककृतींच्या पुस्तकांत जागा नसते, पण घराघरात त्याचे उत्तर ठरलेले असते. शिळे अन्न बहुधा स्वयंपाक करणारीच्या ताटात जाते. सगळे जेवून उठल्यावर ती बसते, कालची भाकरी आणि तळाची आमटी घेते, आणि घरात काहीच वाया गेले नाही असे मानले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी आढळल्या. अणदुरात काम करणाऱ्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. स्त्रीचे आरोग्य तिच्याच गावातल्या स्त्रीने सांभाळावे, हे त्या कामाचे सूत्र. स्वयंपाकघरात त्याची सुरुवात ताटापासून होते. उरलेले सगळ्यांच्या ताटांत सारखे वाढावे आणि ताज्यातला वाटा सगळ्यांना मिळावा. एकीच्या शरीरावर साधलेली काटकसर ही काटकसर मानता येणार नाही.

गोठा आणि खड्डा

माणसांच्या उपयोगाचे नाही ते गोठ्यात जाते. उस्मानाबादी शेळी ही याच जिल्ह्याच्या जुन्या नावाची जात. काटक आणि कमी चाऱ्यात भागवणारी. भाज्यांची साले, मटाराची टरफले, कोबीची वरची पाने, निवडलेल्या भाजीचे देठ हा तिचा आवडता खुराक. शिजलेले अन्न मात्र जपून द्यावे. भात, पोळ्या, पुरण असे पिठूळ अन्न रवंथ करणाऱ्या जनावराने एकदम भरपूर खाल्ले तर त्याच्या पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते, पोट फुगते आणि वेळेवर उपचार न झाल्यास जनावर दगावते. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेला भात टोपल्याने गोठ्यात ओतल्यामुळे असे प्रकार घडतात. घासभर, चाऱ्यात मिसळून दिला तर चालतो. तेलकट, खारट आणि बुरशी आलेले अन्न जनावरालाही देऊ नये.

त्यानंतर उरते ते परसातल्या खड्ड्यात टाकावे. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पालापाचोळा, तुरीच्या काड्यांचा चुरा किंवा माती पसरली की वास येत नाही आणि माशा बसत नाहीत. खड्डा ओलसर ठेवावा, चिखल होऊ देऊ नये आणि पंधरवड्याला एकदा खालीवर करावा. चहाचा चोथा, अंड्यांची कवचे, कांद्याची टरफले सगळे त्यात चालते. तीन-चार महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत खत होते आणि ते परसातल्या वांग्या-मिरच्यांना घालता येते.